पाचव्या पानावरचं नाव

"अरे सलिल, माजघरातून पडवीत आलो तरी तुझ्या वेबसाइटचं आपलं, 'तुम्ही कोण?' किती वेळा नाव सांगू रे?"

आत्मारामकाकांचा हा आवाज अजून कानात आहे. आजही लॉगिनची चौकट समोर आली की माझं बोट थबकतं. विश्वास ठेवा, नका ठेवू... मी तिथे होतो.

रत्नागिरी, झाडगाव. सप्टेंबर २००३. दुपारचे तीन.

काका तिथल्या एका वाचनालयात तीस वर्षं कारकून होते. पुस्तकांच्या देवघेवीची वेबसाइट मी बनवली होती. एकदा लॉगिन केलं की पानापानावर नाव सोबत यायचं. 'नमस्कार, आत्माराम.'

पाचवं पान सोडून.

तिथे नाव गायब. भरलेली नोंदही पुसलेली.

काका एका बोटाने पुन्हा सगळं भरायचे. टक्... टक्...

"काकांना जमत नाही," मी कमिटीला सांगून मोकळा झालो. जूनमध्ये त्यांना कॉम्प्युटरवरून उठवलं.

दुसऱ्याच दिवशी मला चूक सापडली. लॉगिन लक्षात ठेवणारी एक ओळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर लागते. पाचव्यावर मी ती विसरलो होतो.

गुपचूप घातली. कुणाला बोललो नाही.

श्रावणात काका वारले.

त्यांच्या जागी त्यांची मुलगी लागली, सावनी. त्या सप्टेंबरातल्या दुपारी तिनेच मला बोलावलं.

"सलिलदादा, हे बघ ना..."

चार पानं, 'नमस्कार, सावनी.'

पाचवं...

'नमस्कार, आत्माराम.'

मी कोड उघडला. मी घातलेली ती ओळ... नव्हती.

त्या पानाला कुणाचंच नाव आठवायला नको होतं.

काकांचं खातं पुसलं. सर्व्हर बंद करून चालू केला.

'नमस्कार, आत्माराम.'

तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा. पंखा थांबला. बाहेर माडांची सळसळसुद्धा थांबली...

आणि कीबोर्डवर, कुणाचा हात नसताना...

टक्.

टक्... टक्...

तपकिरीचा वास आला. काकांच्या तपकिरीचा.

"बाबा?" सावनी पुटपुटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेवटच्या दिवसांत चादरीवर बोट आपटत बसायचे रे. विचारायचे, 'माझं नेमकं कुठलं अक्षर चुकतं गो?'"

टक्...

आवाज थांबला. कुणीतरी उत्तराची वाट बघत असावं, तसा.



"एकही नाही, सावनी," मी म्हटलं. "काकांचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. चुकलो मी. आणि मला ते जूनपासून ठाऊक होतं."