आई एकवीरेविना एक ओळ

अक्षता ठाकूर खाजगी गुप्तहेर वसुधाच्या विलेपार्ल्याच्या ऑफिसात शिरली तेव्हा मदतनीस केतनचा चहा अजून कपातच होता. या तरुण संशोधक बाईची दोन वर्षांची मेहनत एका ओळीने मातीत घातली होती.

परदेशी जहाजाचं तेल आपल्या किनाऱ्यावर आलं म्हणून दोन देशांचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता. आपला मोठा पुरावा म्हणजे खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या चंद्रप्रकाश कोळी यांची वही. वीस वर्षांची मासळी तीत तिथीवार लिहिलेली. पण तेल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तीत भरघोस मासळीची नोंद निघाली.

"मी पहिल्यांदा वही चाळली तेव्हा ही ओळ नव्हती," अक्षता म्हणाली. "भाषांतराच्या घाईत ती तशीच गेली. उद्यापर्यंत खुलासा गेला नाही तर सरकार वही मागे घेणार. मग दांड्याच्या बाजूने काहीच उरत नाही."

वसुधाने आधी अंधेरीत हर्षदला गाठलं. तो त्या जहाज कंपनीचा एजंट. वही आपण दोनदा पाहिली, पण म्हाताऱ्या चंद्रप्रकाशच्या समोरच, असं तो हसत म्हणाला. केतनच्या लेखी गुन्हेगार सापडला होता.

दांड्यात सगळ्या होड्या काठाला होत्या. केतनने कारण विचारलं.

"आज अष्टमी," सुकट निवडत वनमाला म्हणाली. ती चंद्रप्रकाशची बायको. "भांगाला, म्हंजे अशा मंद भरतीला, पान्याला ओढ नसते. बोंबलाचं डोलजाळं कोन लावनार?"

तिला लिहिता येत नव्हतं. म्हातारा मांडीवर फोन घेऊन बसला होता. भिंतीवर मुलाचा, प्रीतमचा, खलाशाच्या वेषातला फोटो होता. तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर होता.

वसुधाने वहीतल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. "आई एकवीरा. सप्तमी. पाण्यावर तेल." आणि खाली, "अष्टमी. बोंबील आठ पाट्या."

"हर्षदचंच काम," केतन म्हणाला. "परक्याला भांग काय कळणार?"

"परक्याने नक्कल केली असती तर 'आई एकवीरा' पहिल्यांदा उतरवलं असतं. वीस वर्षांत प्रत्येक नोंदीवर ते आहे, फक्त इथे नाही. खोट्यावर आईचं नाव घालायला ज्याचा हात धजला नाही, त्यानेच हे लिहिलंय. आणि अष्टमीला बोंबील लिहिले ते मुद्दाम. हो ना, काका?"

म्हाताऱ्याने फोन घट्ट धरला. प्रीतमचे कागद कंपनीकडे होते. खटला संपेपर्यंत त्याला जहाजावरून उतरू देणार नाहीत, आणि वहीत भरघोस मासळी लिहिली नाही तर पुढेही नाही, असं हर्षद सांगून गेला होता.

"खोटंच लिवलं," तो म्हणाला. "पन कोल्याला कलंल असं लिवलं."

अक्षताने वही आपल्याकडे ओढली. न्यायालयासाठी भाषांतर करताना सगळ्या तिथींच्या तारखा तिनेच केल्या होत्या. खोट्याची खूण असलेली अष्टमी पुसली गेली होती तिच्याच हाताने. आता खुलासा पाठवायचा तर म्हाताऱ्याने दबावाखाली लिहिलं हेही सांगावं लागणार होतं, आणि प्रीतम तिकडे समुद्रात होता.

"काय करू?" तिने विचारलं.

अक्षताने खुलासा न लिहिताच वही मिटून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. बाहेर येताना केतनने काठाच्या होड्या पुन्हा पाहिल्या. या होड्यांवरच्या कुणीही अष्टमीच्या खोटेपणाची साक्ष दिली असती. पण त्या न्यायालयात फक्त देशांनाच बोलता येत होतं, आणि दांडा काही देश नव्हता.