तेरा नंबरची मेंढी

मंगळवेढ्याची एसटी फाट्यावर अडली ती मेंढरांमुळे. भुवनेश्वरीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“जरा लवकर हाका की!”

“कुटं जायाचं ते त्यास्नीच ठावं,” काठी खांद्यावर टाकत मेंढरांमागचा तरुण हसला. “मी आपला मागनं चालतो.”

ती चमकली. सोलापूरच्या कॉलेजातला तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तोच तर होता – नुसती चाल बघून, चालणाऱ्याला काय हवंय ते कॉम्प्युटरनं ओळखायचं! ती तिथंच उतरली.

त्याचं नाव सिद्धाप्पा. बी.ए. करून घरच्या मेंढरांकडं परतलेला. त्यानं वीस मेंढ्यांच्या गळ्यात तिचे जीपीएसचे पट्टे बांधले. पण हिरवं गवत सोडून मेंढ्या रोज एका पडक्या भिंतीकडं वळायच्या आणि प्रोग्रॅम गोंधळायचा.

“भिंतीला लोणा सुटलाय. खारट लागतं, म्हणून चाटत्यात,” तो म्हणाला. “सारकं गवतच हवं असतं व्हय कुणाला?”

“मग काय हवं असतं?”

“ते… वळखायचं असतं.”

तिनं मान खाली घातली. कान मात्र तापले.

मिठाची खूण पटली आणि प्रोग्रॅम अचूक सांगू लागला. एक तेरा नंबर सोडून. तो रोज साडेपाचला एकटाच फाट्यावर यायचा, दहा मिनिटं थांबून परत जायचा.

“बिघाड आहे. काढून टाक,” कॉलेजातले प्रोजेक्टचे सर म्हणाले. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

रोज घरी परतताना ती एसटीत लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायची; त्या संध्याकाळी तिनं तो उघडलाच नाही. साडेपाचला फाटा आला. लिंबाखाली सिद्धाप्पा उभा होता. ती धाडकन उतरली.

“तेरा नंबर कुठाय?”

त्यानं खिशातून पट्टा काढला. “मेंढीच्या गळ्यातनं पडला… द्यायचा ऱ्हायला.”

“आणि रोज इथं?”

“तुमी दिसता की. खाली मान घालून, खिडकीत.” तो थांबला. “लई आवडता तुमी मला.”

“एक हाक मारायची होती,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

परीक्षेत तेरा नंबर तिनं तसाच ठेवला. परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

“ही मेंढी बसला का येते?”

“मेंढी नाही, सर. माणूस आहे.” शेवटच्या बाकावर सिद्धाप्पा घामाघूम झाला होता. “प्रोग्रॅम बरोबर होता. त्याला मी हवी होते.”

वर्ग टाळ्यांनी दणाणला.

“आणि तुला?” परीक्षक हसले.

“मला पहिला नंबर, सर,” ती म्हणाली. “आणि तो.”

दोन्ही मिळालं.