प्रयागबाईची दोन एकर

"कोनं शिकवलं तुले हे, माय? हिनंच न?"

राजकुमारनं वसीयतीचा कागद बाजेवर आपटला आणि ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या चंदाचं सूप हातातच थांबलं. 'हिनं' म्हणजे चंदानं, त्याच्या बायकोनं. घरात काहीही वाकडं झालं की आधी तीच सापडायची.

कागदात लिहिलं होतं ते एवढंच. त्याच्या आईला, प्रयागबाईला, तिच्या बापाकडून मिळालेली दोन एकर काळी जमीन तिच्या मागं आदिलाबादच्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याला जावी आणि त्या पैशातून, इथं काय किंवा दूरदेशीच्या गरीब मुलखात काय, वेळेवर औषध मिळालं तर वाचतील असे डोळे वाचवावेत. खाली गवाहांच्या दोन सह्यांची जागा कोरी होती. पोटच्या पोराला त्यात काडीचा वाटा नव्हता.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. चंदा मान खाली घालून पुन्हा पाखडू लागली. गप्प बसण्यात तर तिचा हात कोणी धरू नये!

बारा वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत, चंदाच्या उजव्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं होतं. प्रयागबाई म्हणजे आसपासच्या दहा गावांतली कुसळ काढणारी. मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, दोन बोटांनी पापण्या फाकायची, जिभेचा शेंडा अलगद बुबुळावरून फिरवायची आणि कुसळ तळहातावर काढून दाखवायची. बदल्यात सुपारीचं खांडसुद्धा तिनं कधी घेतलं नाही. सुनेचंही तिनं तसंच मायेनं काढलं. चौथ्या दिवशी डोळा पिकला, आठव्या दिवशी बुबुळावर पांढरं आलं. दवाखान्यात डॉक्टरनं चंदाला एकटीला आत सांगितलं, कुसळानं नव्हे, तोंडातल्या जंतूंनी डोळा गेला. बाहेर बाकावर सासू पदरात तोंड खुपसून रडत होती... त्या रडणाऱ्या बाईला हे सांगायचं कसं? जिनिंगच्या कामावरून नवरा परतला तेव्हा चंदा त्याला म्हणाली, "पऱ्हाटीची काडी लागली." तेव्हापासून दर कापूसवेचणीला तो तिला सगळ्या बायांसमोर ऐकवायचा, "पाहून चालत जा, एक तं फोडूनच घेतला." आणि ती अभागिनी ते मुकाट गिळायची.

आणि आज, नेमकी आज, नऊ वर्षांची शिवानी खळ्यावरून डोळा दाबत, रडत घरात आली. "आई, कुसळ गेलं."



"माय, काढ," राजकुमार म्हणाला.

"माह्याच्यानं होत नाई आता." प्रयागबाई अंग चोरून भिंतीला आणखीच चिकटली. वर्षभरापासून ती प्रत्येकाला हेच सांगून परत पाठवत होती, आणि म्हातारीला माज आला असं गाव म्हणत होतं.

"दुनियेचे काढले, अन् नातीचं होत नाई? जमीन परक्याले, अन् पोरीले जीभसुदा नाई?" त्यानं स्वतःच मीठ घालून तांब्या आणला, पोरीला उचलून आजीच्या मांडीवर बसवलं. आणि चाळीस वर्षांची सवय ती! म्हातारीची दोन बोटं आपसूक पोरीच्या पापण्यांकडे गेली...

चंदानं सूप टाकलं, धावत जाऊन लेकीला हिसकून घेतलं. "हात नका लावू तिले!"

राजकुमारचा हात उगारला गेला. चंदाच्या ओठांवर बारा वर्षांचा शब्द येऊन ठेपला होता. आता बोललं तर या माणसाच्या मनातून आई जाते, नाही बोललं तर लेकीचा डोळा जातो. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला तो सासूचा.

"मारू नको तिले. तिचा डोळा म्याच घालवला."

राजकुमारचा उगारलेला हात खाली आला.

"माहं मोतीबिंदूचं आपरेशन झालं तवा डॉक्टरीणबाईले चंदाच्या डोळ्याचं इचारलं म्या," प्रयागबाई जमिनीकडे पाहत सांगत होती. "तिनं सारं सांगतलं. म्हने, गरिबांच्या मुलखात असेच डोळे जातात, कुठी जिभेनं, कुठी झाडपाल्यानं. थेंबभर औषधानं वाचले असते. तवा उमजलं, काडीचं खोटं चंदा माह्यासाठी बोलली. वर्ष झालं, तिच्याकडे पाहाची हिंमत नाई माही... आता उभा काऊन? पोरीले घेऊन जा."

राजकुमारनं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरनं पाच मिनिटांत कुसळ काढलं, थेंब घातले. आज आणली म्हणून निभावलं, म्हणाला.

बाकावर पट्टी बांधलेली शिवानी चंदाच्या मांडीवर झोपली, तेव्हा राजकुमार तिच्या शेजारी येऊन बसला. "बारा वर्षं बोलत राह्यलो मी तुले. काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमची माय गेली असती. डोळा तं परत आलाच नसता." आणि मग ती रडली, बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर. राजकुमारनं भर दवाखान्यात तिच्या पायाला हात लावला. चंदानं तो हात पायावरून काढला आणि तसाच धरून ठेवला.

दिवेलागणीला ते परतले. प्रयागबाईला ते जिथं सोडून गेले होते, तिथंच ती उपाशी बसलेली. राजकुमारनं आईसमोर बसून गवाहाच्या जागेवर सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा तिनं सुनेच्या पांढऱ्या डोळ्याकडे सरळ पाहिलं.

"चंदा, चाळीस वर्षं जीभ फिरवली म्या लोकायच्या डोळ्यात. तुह्यासारख्या गप्प बसलेल्या अजून किती हायत गावात?"

चंदाला माहीत होतं. विहिरीवर डोळा गमावलेल्या बाया तिच्याशी बोलत, तिनं ते मनातच पुरून ठेवलं होतं.

"आत्याबाई, जाऊ द्या."

"नाई बाई. जमीन पुढच्यायसाठी दिली. मागच्यायचे पाय धराचे हायत मले." भिंतीचा आधार घेत प्रयागबाई उठून उभी राहिली. "नावं सांग."

चंदानं तिचा दंड धरला, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि गल्लीच्या टोकाच्या घराकडे पाहत पहिलं नाव सांगितलं.

"भागाबाई."