समुद्रसपाटीचं ट्यूनिंग

त्या नोव्हेंबरात धुकं इतकं दाट होतं, की गाडी आधी ऐकू आली आणि मग दिसली. खोकत, अडखळत, मधूनच फटाके सोडत ती आमच्या गॅरेजच्या दारात आली आणि बंद पडली. लाल आल्फा, दोन माणसांची, पंधरा वर्षं जुनी. आतून एक उंच माणूस उतरला आणि माझ्या तेलकट हातांकडे बघत म्हणाला,

"मालक आहेत का?"

"आहेत. पण त्यांना ऐकू येत नाही."

"मग मेकॅनिक?"

"समोर उभी आहे."

तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मला तो तिथेच आवडला... खोटं कशाला बोलू?

समुद्रकाठच्या आमच्या चेझेनातिकोत कार्बुरेटर जुळवणारी मी एकटीच बाई होते. विद्या बाबांची. चाळीस वर्षं इंजिनांवर वाकून त्यांचे कान गेले, आणि सव्विसाव्या वर्षी त्यांचे कान मी झाले. गावातली पोरं म्हणायची, लोरेताशी लग्न करायचं तर आधी सायलेन्सर तपासून घ्या. मीही त्यांना तोडीस तोड सुनावायची.

ह्याचं नाव आरिगो. झोल्दोच्या डोंगरातला. तिथली माणसं मार्च ते ऑक्टोबर जर्मनीत आईस्क्रीमची दुकानं चालवतात आणि हिवाळ्यापुरती घरी येतात. त्याच्या घरात आजोबांपासून हेच चालू होतं.

"पण आता पुरे," तो म्हणाला. "रिमिनीत एक दुकान भाड्याने बघितलंय. यापुढे समुद्राकाठीच राहणार मी."

"तुमचं राहू द्या. गाडी कुठे राहणार, ते सांगा."

"म्हणजे?"

मी कार्बुरेटर उघडून आतला जेट त्याच्या तळहातावर ठेवला. पितळेचा एवढासा मणी, मधोमध बारीक भोक. "पेट्रोल ह्यातून येतं. वर डोंगरात हवा विरळ, म्हणून तिथे लहान भोकाचा जेट लागतो. इथे हवा दाट. तोच जेट इथे ठेवला, तर गाडी उपाशी राहते आणि खोकते. मोठा घालून देते. पण मग वर नेलीत, तर नुसती काजळी धरेल. दोन्हीकडे नीट चालणार नाही. एक काय ते ठरवा."

"इथेच," तो म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता.

मी मोठे जेट बसवले. मग रबरी नळी काढली. दोन कार्बुरेटर, त्यांची चार तोंडं. नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं एकेका तोंडाशी धरायचं, आणि चारही फुसकारे सारखे ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. यंत्रं मिळतात त्यासाठी. बाबांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, माझाही नाही.

"मला ऐकू दे ना..." त्याने हात पुढे केला. 'दे ना' म्हणाला! 'द्या' नाही.

मी नळी त्याच्या हातात दिली, त्याने ती कानात घातली. दोघांनाही इंजिनावर वाकावं लागलं. त्याच्या कोटाला लाकडाच्या धुराचा वास होता.

"ऐकू येतंय?"

"छातीतली धडधड येतेय नुसती."

"दुसरं टोक छातीशीच धरलंय तुम्ही."

बाबा कोपऱ्यातून ओरडले, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही, बाबा! आईस्क्रीमचं!"

त्यानंतर तो दर शनिवारी दुपारी येऊ लागला. दुकान रंगवतोय, मावशीकडे राहतोय, असं सांगायचा. मी म्हणायची, "मग दाखव की दुकान." तो म्हणायचा, "रंग वाळू दे." मी पियादिना, आमच्याकडची जाडसर पोळी, भाजायची, आत चीज घालायची, तो तीन-तीन खायचा आणि वर नावं ठेवायचा. बंदरात बांधलेल्या होड्यांजवळून आम्ही फिरायला जायचो. हिवाळ्यात आमचं गाव अगदी ओस असतं, हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. एकदा त्या फळ्यांच्या आडोशाला उभं राहून त्याने माझ्या नखांतलं ग्रीस स्वतःच्या रुमालाने पुसायचा प्रयत्न केला. ते निघत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याची बायको होऊन बसले होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी म्हटलं, "वसंत आला. प्लग काढून बघते."

"नको," तो पटकन म्हणाला. "छान चाललीय गाडी."

"फुकट करतेय रे, घाबरू नकोस."

"लोरेता, राहू दे ना..."

मनात पाल चुकचुकली. पण मी पाना घेतलाच होता. चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. टोकाला सुंदर तपकिरी, पेट्रोल नीट जळलं की होतात तसे, अगदी भाजलेल्या बिस्किटासारखे. आणि खाली, मुळाशी, काजळीच काजळी.

बाबा उठून आले. प्लग डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एकदा बघितला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "ही गाडी डोंगरात राहते. आज सकाळी खाली उतरलीय."

गिऱ्हाईक काहीही सांगतं. प्लग तसं करत नाही. बाबा फडकं झटकून बाहेर निघून गेले. मी आरिगोकडे वळले.

"दुकान?"

"नाही घेतलं." त्याची मान खाली. "नाताळाच्या आधी आमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. भाऊ एकटा पडलाय. सोमवारी आम्ही जर्मनीला निघतोय."

"आणि हे दर शनिवारी...?"

"पाच तास खाली. पाच तास वर."

"घाटात धूर ओकत?"

"घाटात धूर ओकत."

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याला मिठी मारून रडावंसंही. "दोन महिने, आरिगो! दोन महिने मी पडद्यांचं कापड बघत फिरले. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं," तो हळू म्हणाला, "तर तू जेट बदलले असतेस."

बाहेर बाबा उगीचच एक टायर इकडून तिकडे हलवत होते.

"माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. "बाबांनाही घेऊ."

"बाबांना? चाळीस वर्षांत ते शेजारच्या राव्हेन्नाच्या पुढे गेलेले नाहीत. आणि मी तिथे काय करू? कोन भरू? एक गोळा की दोन, विचारत बसू?"

"मग मला राहायला सांग. सांग ना!"

त्याचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं... आणि माझ्या डोळ्यांसमोर आला तो उजवी बाजू गेलेला म्हातारा, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं. माझ्या घरीही तसाच एक होता, फक्त त्याचे कान गेले होते. मी सांगितलं असतं, तर तो राहिला असता. आणि मग रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून गप्प राहिला असता.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हटलं. "म्हणून नाही सांगत."

मी खण उघडला आणि लहान जेट शोधले. त्यातला एक माझ्या हातून दोनदा खाली पडला. आरिगोने तो उचलून दिला. आमची बोटं लागली, त्याने माझी धरून ठेवली. मग मी बोटं सोडवून घेतली आणि स्क्रू आवळला. त्याच्या गावाची उंची मी त्याला विचारली. साडेबाराशे मीटर. त्या हिशेबाने अंदाजाने जुळवलं, कारण त्या उंचीचा आवाज इथे, समुद्राच्या काठावर, कानाला कळण्यासारखा नसतो.

"बेल्लुनोपर्यंत दमानं घे," मी म्हटलं. "खाली ती खोकेल. घाबरू नकोस. चढ लागला की सुधारेल."

"लोरेता..."

"जा आता. वाटेत अंधार होईल."

तो गेला. पुलापर्यंत गाडी तीनदा खोकली, पुढच्या वळणावर एकदा, आणि मग समुद्राच्या आवाजात काही कळेना. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवून विचारलं, "कशी चाललीय?"

मी मान डोलावली. छान.

रात्री आठच्या सुमारास ती लोंगारोनेच्या पुढे, झोल्दोच्या चढाला लागली असेल. तिथे चारही तोंडं एका सुरात आली असतील, स्वच्छ, भरल्या पोटी. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं ट्यूनिंग असावं. मी ते ऐकलेलं नाही.