जोडीची सुतळी

हिशोब झाला म्हनते सेठ. कोनता झाला बे तुया हिशोब? कागदावर देवरावचा आंगठा आहे म्हनून त्याले पैसे भेटले? दिवाळीले तुया मुनशीनं बोनसच्या नावानं कोऱ्या कागदाईवर सगळ्या हमालायचे आंगठे घेतले. मुनशी गावचाच, घरचा मानूस समजून दाबले आमी. आता तेच कागद लेबर ऑफिसच्या साहेबासमोर फडकावते. लाज नाई वाटत.

जाऊ दे. सेठ काई इथी बसून नाई आयकाले.

निकेश, मोबाईल खिशात टाक. लाईट गेली ते गेली, आता येत नाई. आयका पोट्टेहो. ही या सालची गोष्ट आहे. मार्चची सतरा तारीख, मंगळवार, पाडव्याच्या दोन दिवस आधीची रात. देवरावनं मले खुद्द सांगतली, आन देवरावले खोटं बोलता येत नाई. येत असतं त आज त्याच्या दारात गाडी असती.

मूल-सिंदेवाही रोडवरची ती राईस मिल. देवराव तिथी हमाल. त्याचा जोडीदार बिरजू, छत्तीसगढचा, डावखोरा. तिथी काम जोडीनं चाले. एकानं पोतं पाठीवर ठेवून द्याचं, दुसऱ्यानं नेऊन थप्पीवर टाकाचं, मंग पाळी बदलाची. शंभर पोते झाले का सुतळीले एक गाठ. जोडीची सुतळी एकच, गोदामातल्या खिळ्याले टांगलेली. शनिवारी मुनशी गाठी मोजे, वहीत लिहे आन सुतळी बॉयलरात टाके. म्हंजे वहीत लिहिलं तेच खरं.

डिसेंबरपासून मुनशीनं मोजनंच बंद केलं. आज मोजू, उद्या मोजू. पाच हप्ते गेले. जानेवारीत थप्पी कोसळली आन बिरजू खाली दबून मेला. सेठ म्हने, हा मानूस माझ्या मिलमधला नोयच. मिलले कुलूप लावलं. मजुरी कोनालेच नाई.

देवराव दोन महिने चकरा मारून राह्यला. सेठ जेवून राह्यला, सेठ पूजेत बसला, सेठ नागपूरले गेला. रुखमा, त्याची बायको, म्हने, "देव तरी सनावाराले दिसते वो बापा, तुमचा सेठ त तेवढाई दिसत नाई." त्याची पोरगी मयुरी चंद्रपूरले नर्सिंगले आहे. फी भरल्याबिगर परीक्षेले बसू देत नाई म्हने. म्हनून देवरावनं लेबर ऑफिसात अर्ज केला. बुधवारी अकरा वाजता तारीख होती. साहेब म्हने, पुरावा आन.

पुरावा कोनता? ती सुतळी. खिळ्यालेच राह्यली होती.

एक गोष्ट देवरावनं मले लाजत सांगतली. अर्जात त्यानं एकट्याचंच नाव टाकलं होतं. बिरजूची बायको सुकरी, तिचा तीनदा फोन आला, यानं उचलला नाई. रुखमा म्हने, "अन् बिरजूचं काय?" हा म्हने, "मेलेल्याचे पैसे मागाले जाईन त माह्येही बुडतीन."

मिलचा चौकीदार पवन, वळखीचा. म्हने, "भाऊ, राती अकराच्या मागून या. मुनशी झोपते. मी काई पाह्यलं नाई."

सव्वाअकराले देवराव मागच्या दारानं गोदामात गेला. मोबाईलची बॅटरी लावली. गोदाम झाडून साफ. एक पोतं नाई, धानाचा दाना नाई. सुतळी खिळ्याले. त्याचा जीव भांड्यात पडला. उभ्या उभ्याच मोजल्या. एकशे चार गाठी. खाली वीतभर मोकळी सुतळी.

तेवढ्यात मोबाईल बंद पडला.

मागं कोनी चाललं. उघडे पाय. सिमेंटवर. जड.

धप्प.

"सत्तानवे…"

देवराव हालला नाई. थप्पीची जागा समोरच होती. रिकामी. त्यानं आताच पाह्यली होती.

पाय. धप्प.

"अठ्ठानवे…"

धानाच्या धुळीचा वास आला. नाकात जाऊन बसते तसा.

पाय. धप्प.

"निन्यानवे…"

मंग काईच नाई.

बिरजू मेला तवा त्याच्या पाठीवर शंभरावं पोतं होतं.

काईच नाई…

हातातली सुतळी तानली गेली. हळू. कोनी दुसरं टोक धरलं तशी.

आन देवराव भडकला. भेव कुठी गेलं, त्याले समजलं नाई. दोन महिन्याचं साचलेलं तोंडातून निघालं.

"मले काऊन ओढतं बे? माह्यापाशी काय आहे? सेठच्या घरी जा न. एसी लावून झोपला थो. त्याची चादर ओढ."

…

"हाव. नाई टाकलं तुयं नाव. मले पोरगी आहे."

…

"तुलेही आहे. मालूम आहे मले."

सुतळी ढिली झाली.

मंग पाठीवर ओझं आलं. दोन हातानं. नीट. मधोमध. मानेले टोचू नये असं. असं फक्त बिरजूच ठेवे.

देवराव वाकला. अकरा पावलं होती थप्पीपर्यंत. पायायले पाठ होती. चालला. कानापाशी कोनाचा तरी दम लागलेला…

अकराव्या पावलावर खांदा झुकवला.

धप्प.

"शंभर," देवरावच बोलला.

गेटवर पवननं टॉर्च मारला. "भाऊ, सदरा काऊन भिजला?"

देवरावनं उजेडात सुतळी मोजली. एकशे पाच. शेवटची गाठ उलटी होती, डाव्या हाताची.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हने, सुतळीवर कोनाचं नाव लिहिलं आहे काय? सेठचा वकील हासला. तवापासून तीन तारखा झाल्या. आता सोमवारी चौथी. साहेब म्हने, ज्याची ज्याची मजुरी बाकी आहे, सगळ्यायचे नावं टाकून नवा अर्ज आना.

रुखमा सुतळी घरात ठेवू देत नाई. म्हनून माह्यापाशी आहे. हे पाहा. मे महिना आहे, अंगनातली माती फुटून राह्यली. आता शेवटच्या गाठीले हात लाव. बाकीच्या सोड, शेवटच्या.

ओली आहे न?

दोन महिन्यापासून वाळली नाई. खारट आहे. मी चाखून पाह्यली.

निकेश, तू बारावी झाला. आमाले लिहिता येत नाई. कंदील इकडं घे, कागद काढ. अर्ज लिही. बिरजूचं नाव पहिले टाक.