कलम नऊ आणि रिकामी खुर्ची

एरवी मी थापा मारतो, घरच्यांना विचारा. पण ही थाप नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

भुताच्या गोष्टीला मध्यरात्र लागते. माफ करा, तेव्हा मंगळवारची दुपार होती. सव्वातीन. जागा, माझ्या मामांचं ऑफिस. एक टेबल, एक पंखा, तीन खुर्च्या.

एक मामांची. एक माझी.

एक रिकामी...

मामा वकील. आधी वीस वर्षं महापालिकेच्या विधी विभागात. मग एक दिवस नोकरी सोडली आणि सरकारी समित्यांना नियम, धोरणं लिहून द्यायला लागले. मी त्यांचा ज्युनियर, म्हणजे घरचा फुकट गडी.

मामांची एक सवय होती. मसुदा तयार झाला की तो रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्याने वाचायचे. सगळा. मग थांबायचे. कान देऊन.

काहीच व्हायचं नाही.

"मामा, खुर्चीचा काही आक्षेप?"

"गप रे, गाढवा."

बावीस वर्षं हे चाललं होतं.

मग मामा आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी त्यांनी कारण सांगितलं.

महापालिकेत असताना एक धोकादायक इमारत पाडायची होती. गाडीवर भोंगा लावून तीनदा सूचना दिली. लोक बाहेर आले. मामांनी फायलीवर लिहिलं, 'इमारत रिकामी'. आत जाऊन कोणीच बघितलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई मशीनवर बसल्या होत्या.

"भोंगा ऐकला नाही त्यांनी?"

"त्यांना ऐकूच येत नव्हतं रे..."

मामांनी चष्मा काढून उशीजवळ ठेवला. "म्हणून त्यांना वाचून दाखवतो. एकदा तरी त्यांनी म्हणावं, आता बरोबर लिहिलंस."

अशा वेळी काय बोलावं ते मला कळत नाही. मग मी विनोद करतो.

"अहो मामा, ऐकू येत नाही त्यांना. आणि तुम्ही बावीस वर्षं मोठ्याने वाचताय?"

मामा हसले नाहीत.

माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे वळले...

त्यानंतर ते कोणाशीच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी गेले.

त्यांचा शेवटचा मसुदा माझ्याकडे राहिला. इमारती पाडण्याचे नियम. कलम नऊ : पाडण्याआधी अधिकाऱ्याने प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन पाहावे.

समिती म्हणाली, नववं कलम काढा, एवढे जिने कोण चढणार? बुधवारी मसुदा द्यायचा होता. आणि मी ते काढणार होतो. मामांशिवाय समितीशी भांडायची माझी टाप नव्हती.

त्याआधीचा हा मंगळवार.

मी मसुदा मोठ्याने वाचला नाही. रिकाम्या खुर्चीपुढे टेबलावर ठेवला. कलम नऊचं पान उघडून. शेजारी मामांचा चष्मा ठेवला, काड्या उघडून. बाईंना लागत असेल तर असू दे.

पंखा थांबला. दिवा चालूच होता...

खट...

खट-खट...

खट-खट-खट-खट...

पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा आवाज. आमच्या अख्ख्या मजल्यावर शिलाई मशीन नाही.

माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा आवाज थांबला होता. मसुद्याची पिन टेबलावर पडली होती.

पानं शिवलेली होती...

पांढरा दोरा. बारीक, सरळ टाके. आणि चष्म्याच्या काड्या मिटलेल्या.

बुधवारी मी तो मसुदा तसाच दिला.

"नववं कलम?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"निघत नाहीये, मॅडम."

त्यांनी पान ओढून पाहिलं. परत ओढलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. मग सही केली आणि हात रुमालाला पुसला.

आता ऑफिसात दोन खुर्च्या रिकाम्या असतात. एकीपुढे मी मसुदा ठेवतो. कधी टाके पडतात, कधी नाही.

दुसरी मामांची. तिच्यासमोर मी रोज मोठ्याने सांगतो, "मामा, बाईंनी वाचलं. बरोबर लिहिलंय तुम्ही."

मग थांबतो. कान देऊन.

काहीच होत नाही.