आगाऊ लिहिलेली मिनिट्स

आमच्या हडपसरच्या ऑफिसात पाळणाघर असावं की नसावं, यावर दहा मीटिंगा झाल्या. त्यातली एक आख्खी पडद्यांच्या रंगावर गेली. पाळणाघर मंजूर झालंच नव्हतं. पडदे मात्र आकाशी ठरले.

मीटिंगमध्ये कोण काय बोललं याची नोंद, म्हणजे मिनिट्स, मी लिहायची. चार वर्षांत त्यात कुणी चूक काढली नाही, आणि पुण्यात ही साधी गोष्ट नाही.

दहा महिन्यांची जैनब दिवसभर माझ्या सासूबाईंकडे, शकीलाअम्मींकडे असायची. पुढच्या महिन्यात अम्मींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तोवर पाळणाघर झालं नाही, तर मला नोकरी सोडावी लागणार होती. आणि मला ही नोकरी आवडते.

जैनबसाठी वेळ वाचावा म्हणून मी एक युक्ती काढली होती. मीटिंग दर मंगळवारी असायची; त्या सकाळी स्वारगेटला बसमध्ये चढलं की मिनिट्स आधीच लिहून टाकायची. सगळ्यांची वाक्यं मला पाठ होती. आमचे मॅनेजर हिंदुराव सर म्हणणार, "एक छोटी समिती नेमू." ॲडमिनचे दिगंबर सर विचारणार, "पोरांच्या रडारडीचं काय?" मीटिंगमध्ये मग एखादा शब्द बदलला की झालं.

अकराव्या मीटिंगला एकही शब्द बदलावा लागला नाही. मी स्वल्पविराम दिला होता, तिथेच हिंदुराव सर थांबले.

योगायोग असेल. खात्री करावी म्हणून पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम लिहिलं: दिगंबर सर तीनदा शिंकले. हिंदुराव सरांनी चहा परत पाठवला.

दिगंबर सर शिंकले. पुन्हा शिंकले. मग तोंड उघडं ठेवून, बराच वेळ, माझ्याकडे बघत राहिले. आणि तिसऱ्यांदा शिंकले.

"हा चहा घेऊन जा," हिंदुराव सर म्हणाले. त्यांनी आजवर कधी चहा परत पाठवला नव्हता.

घाबरायला हवं होतं बहुतेक. मला मात्र जैनबचं बोळकं हसू दिसत होतं.

तेराव्या मीटिंगसाठी लिहिलं: पाळणाघर मंजूर, सोमवारपासून सुरू. दिगंबर सर गप्प बसले हे कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून त्यांच्या नावावर एक अट टाकली: मुलांचा आवाज येणार नाही.

मीटिंग नऊ मिनिटांत आटोपली.

"अभिनंदन, परवीन," बाहेर पडताना दिगंबर सर म्हणाले. "या ऑफिसात काही मंजूर होतं, हे आज कळलं."

"तुमची अट नीट नोंदवलीय, सर."

ते जिन्यात थांबले. "मी का बोललो तसं?"

सोमवारी जैनबला पाळणाघरात सोडलं. मी नजरेआड झाले की गल्ली जागी करणारी माझी पोर. अकरा वाजता दाराशी जाऊन कान लावला. काही नाही.

सांभाळणाऱ्या सोजरबाईंनी हसत दार उघडलं. "लई गुणाची लेकरं हायत, ताई. सकाळपास्नं एकाचाबी आवाज न्हाई."

सतरंजीवर एक मुलगी स्टीलची वाटी फरशीवर आपटत होती. आपटत होती, आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

जैनब पाळण्याचा कठडा धरून उभी होती. तोंड सताड उघडं. चेहरा लालबुंद. गळ्याची शीर फुगलेली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"आले गं राणी, आले."

तिला उचलून तशीच निघाले. गेटबाहेर हॉर्न, रिक्षा, भाजीवाल्याची हाळी, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

बसमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती शांत हो बाळ तुमचं!"

दुसऱ्या दिवशी मंगळवारची मीटिंग होती. मी बसमध्येच एका हातानं लॅपटॉप उघडला आणि तिच्या मिनिट्समध्ये लिहिलं: अट मागे घेण्यात आली.

जैनब माझ्या खांद्यावर अजून हुंदके देत होती. ते ऐकू येत नव्हते, फक्त मोजता येत होते.